आठ तासांच्या हिशेबात न धरलेलं काम

नोकरी करणाऱ्या बाईची ओढाताण आजची वाटते, पण तिचं मूळ कारखान्यांच्या भोंग्यात आहे. त्याआधी सूत कातणं, विणणं आणि मुलं सांभाळणं एकाच छपराखाली चालायचं. कारखाने आले, पगाराचं काम बाहेर गेलं, आणि घरात उरलं त्याला कुणी ‘काम’ म्हणेनासं झालं.

१८१७ च्या सुमारास ब्रिटनमधले गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी ‘आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती’ अशी मागणी मांडली. मागणी न्याय्यच होती. पण या चोवीस तासांत स्वयंपाक, धुणीभांडी, तापाने फणफणलेलं मूल कुठे बसवायचं? ते बघायला घरी कुणीतरी आहेच, हे गृहीत होतं. ते ‘कुणीतरी’ स्वतःच कामावर जाऊ लागलं, तरी हिशेब बदलला नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये, पहिल्याच वर्षी, आठ तासांचा दिवस आणि बाळंतपणाची रजा यांवर करार केले. मूल वाढवण्याच्या पुढच्या वर्षांकडे लक्ष जायला बराच काळ गेला. १९६५ ची शिफारस ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या स्त्रियां’पुरती होती, त्या जबाबदाऱ्या पुरुषांच्याही आहेत, हे करारात यायला १९८१ उजाडलं. मधल्या काळात, २४ ऑक्टोबर १९७५ ला, आइसलँडच्या सुमारे ९० टक्के बायकांनी घरचं आणि दारचं काम एक दिवस बंद ठेवलं. त्या दिवशी अनेक वडील मुलांना घेऊन कामावर गेले.

ताणाचा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. संशोधक हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया मांडली. मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रँकेनहॉयझर यांचं काम. १९८० च्या दशकात त्यांनी व्यवस्थापक पदावरच्या स्त्री-पुरुषांचा रक्तदाब आणि ताणाची संप्रेरकं मोजली. ऑफिसात दोघांत फारसा फरक नव्हता. संध्याकाळी पाचनंतर पुरुषांचे आकडे उतरू लागले. बायकांचे चढेच राहिले. घरी पोचल्यावर त्यांची कामाची दुसरी पाळी सुरू व्हायची, आणि शरीरात ते दिसत होतं.

पुढे बायकांना वेळेचं नियोजन, ध्यान, दीर्घ श्वसन शिकवलं गेलं. त्याचा उपयोग होतोच. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालातही बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के बायकांच्याच वाट्याला होते.