कोरियमचे घनीभवन

अणुभट्टीतील शीतन खंडित झाल्यावर इंधन, त्याची झिर्कोनियमची आवरणे आणि आधाराचे पोलाद एकत्र वितळून जो दाहक रस तयार होतो, त्याला कोरियम म्हणतात. त्याचे घनीभवन ही अणुअपघातांच्या अभ्यासातील एक मूलभूत समस्या आहे. साच्यात ओतलेले लोखंड अप्रकट उष्णता देऊन एकदा थिजले की थिजते. कोरियम मात्र थिजत असतानाही आतून तापतच राहतो. विखंडन थांबले तरी किरणोत्सर्गी ऱ्हासातून सुरुवातीस पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के आणि तासाभरानंतर दीडेक टक्का उष्णता निघत असते.

रसाचा साठा मोठा असेल, तर त्यात जोरदार अभिसरण होते आणि उष्णता कडेकडे व वर वाहून नेली जाते. गार पाण्याला किंवा पोलादी भिंतीला टेकलेल्या भागावर घन साल धरते. तिच्या आतल्या पृष्ठाचे तापमान रसाच्या वितळबिंदूइतके असते (शुद्ध युरेनियम डायऑक्साइडचा वितळबिंदू सुमारे २,८५० अंश सेल्सिअस आहे), तर बाहेरचे पृष्ठ त्याहून कितीतरी थंड असते. आतून येणारी आणि सालीतच निर्माण होणारी उष्णता वहनाने बाहेर जाऊ शकेल इतकीच साल जाड होते. ऱ्हासाची उष्णता घटत जाते तशी ती जाडावते. दुधावरची साय वाफ कोंडते, तशी ही साल भिंतीला वाचवते आणि आतील उष्णताही अडवून धरते, कारण युरेनियम डायऑक्साइड हा उष्णतेचा मंद वाहक आहे. ऑक्साइडच्या रसावर वितळलेल्या धातूचा पातळ थर तरंगत असल्यास वर आलेली उष्णता त्या थरातून भिंतीच्या अरुंद पट्ट्यावर एकवटते, आणि भिंत तेथेच भेदली जाण्याचा धोका सर्वाधिक असतो.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी भट्टीचा सुमारे निम्मा गाभा, म्हणजे इंधनाचा भाग, वितळला आणि १९ टनांच्या आसपास रस भट्टीच्या पोलादी पात्राच्या तळाशी उतरला. तळाचा एक भाग सुमारे १,१०० अंशांपर्यंत तापूनही पात्र फुटले नाही. थिजताना आकसलेली साल आणि भिंत यांच्यातील फटीत पाणी शिरले असावे, हे त्याचे एक मान्य स्पष्टीकरण आहे.

चेर्नोबिल येथे १९८६ मध्ये घडले ते निराळे. तेथे रसात काँक्रीट, वाळू व इतर खनिजे विरघळून सिलिकेटी लाव्हा बनला, तळमजल्यांत पसरला आणि काचेसारखा थिजला. ‘हत्तीचा पाय’ म्हणून ओळखला जाणारा ढीग त्याचाच. इंधन विरळ झाल्याने दर घनमीटरमागची उष्णता घटली, आणि पसरल्यामुळे ती बाहेर पडण्यास पृष्ठभाग मिळाला.

नंतरच्या रचनांत हेच हेतुपुरस्सर केले जाते. तमिळनाडूतील कुडनकुळम येथे भट्टीखाली रस झेलणारे पात्र आहे, तर रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे प्रस्तावित असलेल्या ईपीआर या फ्रेंच अणुभट्टीच्या प्रकारात रस सुमारे १७० चौरस मीटर क्षेत्रावर पातळ पसरवून खालून व वरून पाण्याने थिजवण्याची योजना असते.