डिकीतला वायरलेस आणि ‘नॅरोबँड’चा घोळ

अमेरिकेत जुनी पोलिस गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला रंग, दारावरचं चिन्ह, टपावरचा दिवा हे सगळं कुठून ना कुठून मिळतं. घोडं अडतं वायरलेसपाशी. संच मिळतो, पण अर्धाच.

अगदी सुरुवातीचा काळ इथे फारसा कामाचा नाही. डेट्रॉइटच्या गाड्यांत १९२८ मध्ये नुसता ऐकायचा रेडिओ बसला, न्यू जर्सीतल्या बेयॉनमध्ये १९३३ ला गाडीतून उलट बोलता येऊ लागलं आणि १९४० मध्ये कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांनी एफएम आणलं. त्या पिढीचे संच संग्रहालयात बघायचे. त्यांची एक खूण मात्र पोलिसांच्या बोलण्यात राहून गेली. ट्रान्समीटरला लागणारा जास्तीचा व्होल्टेज एक छोटी मोटर फिरवून मिळे, आणि तिला वेग घ्यायला क्षणभर जाई. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिला शब्द गायब. म्हणून सांकेतिक आकड्याआधी ‘टेन’ जोडायची रीत पडली. ‘टेन-फोर’ म्हणजे ‘समजलं’. गेलाच तर ‘टेन’ जावा, ‘फोर’ पोचावा.

हौशी मंडळींचा जीव अडकलेला असतो तो साधारण १९५५ ते १९८० च्या गाड्यांत. तेव्हाचा संच दोन जागी असे. मूळ यंत्र डिकीत, कुलपाच्या लोखंडी खोक्यात. डॅशबोर्डखाली फक्त कंट्रोल हेड, स्पीकर आणि माइक. हेडवर आवाजाचं एक बटण, खरखर दाबणारं ‘स्क्वेल्च’चं दुसरं, संच चालू असल्याचा हिरवा दिवा, बोलताना पेटणारा लाल. या दोन्ही भागांना जोडणारी जाड केबल गाडीच्या पोटातून नेलेली. गाडी निवृत्त झाली की ती केबल उपसत बसायला वेळ कुणाला? कापली की काम झालं. त्यामुळे डिकीतली खोकी आज बऱ्यापैकी सापडतात, त्यांची केबल आणि हेड सापडत नाही.

त्यात विजेची भानगड. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ वर गेल्या. फोर्डमध्ये तर तोवर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. मोटोरोलाच्या ‘ट्विन-व्ही’ संचाच्या नावातच हे दोन व्होल्टेज आहेत. १९५८ मध्ये ‘मोट्रॅक’ आला, त्याचा रिसीव्हर पूर्ण ट्रान्झिस्टरचा. वीज इतकी कमी लागे की इंजिन बंद ठेवूनही बोलता येई.

आता जुन्या संचांच्या विक्रीच्या जाहिरातीत सर्वांत जास्त फसवणारा शब्द, नॅरोबँड. एफएममध्ये माणूस बोलतो तशी लहरीची फ्रिक्वेन्सी ठरल्या जागेच्या मागेपुढे हलते. आधी ती दोन्ही बाजूंना १५ किलोहर्ट्झपर्यंत हललेली चाले. चॅनेल पुरेनासे झाले तेव्हा केंद्रीय नियामकाने ही मोकळीक ५ वर आणली, आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धात खात्यांना संच बदलावे लागले. तेव्हा १५ म्हणजे वाइड आणि ५ म्हणजे नॅरो. पुढे १ जानेवारी २०१३ पासून १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ५ चे अडीच झाले. म्हणजे कालचा नॅरो आज वाइड ठरला. १९६४ च्या मोट्रॅकला एक विक्रेता नॅरोबँड म्हणतो, दुसरा वाइडबँड, आणि दोघेही खरं बोलत असतात. विचारायचं असेल तर किलोहर्ट्झ विचारावेत, शब्द नव्हे.

पहिल्या बदलाने निदान माल तरी वाचवला. खात्यांनी काढलेले संच हॅम मंडळींनी, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर वायरलेसवर बोलणाऱ्यांनी, भंगाराच्या भावात उचलले आणि १४६ मेगाहर्ट्झच्या आसपास लावले. त्यांच्या एफएम रिपीटरांची, म्हणजे आलेला संदेश पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या केंद्रांची, सुरुवातच या मालावर झाली. उघडून फेरफार केलेले का होईना, ते संच टिकले. २०१३ ला असा वारसदार नव्हता. तोवर हॅमच्या हातात मुठीएवढे स्वस्त संच आले होते. चॅनेलच्या हिशेबात तो निर्णय बरोबर असेलही, पण जुन्या मालाला तो भोवला. ३० ते ५० मेगाहर्ट्झचा लो बँड, म्हणजे खालचा पट्टा, तेवढा सुटला.

बँड चुकला की लांबूनही कळतं, अँटेनावरून. ४२ मेगाहर्ट्झला पावणेदोन मीटरची काठी लागते, १५५ ला अर्ध्या मीटरच्या आत भागतं, ४६० ला वीतभरही पुरे.

आणि ‘त्याच सालचा संच हवा’ हा हट्ट तर मुळातच चुकीचा. खाती गाड्या दर दोन-चार वर्षांनी बदलत, संच नव्हे. जुन्या गाडीतून काढून नवीत बसवत. १९७१ च्या गाडीत १९६४ चा मोट्रॅक बघून नाक मुरडणाऱ्याने त्या काळची खरेदीची कागदपत्रं बघावीत.

चालू करणं हा वेगळाच व्याप. प्रत्येक चॅनेलला वेगळा कापलेला क्वार्ट्झ क्रिस्टल लागतो, आणि असे क्रिस्टल कापून देणारा ओक्लाहोमातला एक जुना कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांची फ्रिक्वेन्सी पकडणारा संच विनापरवाना गाडीत ठेवणं गुन्हा आहे. हॅम परवाना असलेल्यांना सूट आहे. त्यामुळे अनेक जण हेडला १२ व्होल्ट देतात, हिरवा दिवा लागतो, आणि डिकीतलं खोकं आतून रिकामंच असतं.