व्यापारी मेला, १६८ वाटे झाले

समजा, कैरोतला एक मसाल्याचा व्यापारी वारला. मागे बायको, म्हातारे आईवडील, दोन मुलगे आणि तीन मुली. सुन्नी कायद्याप्रमाणे आधी ठरलेले हिस्से काढायचे. बायकोला एक अष्टमांश, आईला एक षष्ठांश, वडिलांनाही तेवढाच. उरेल ते मुलांत, मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. कुणाच्याही वाट्याला अपूर्णांक येऊ द्यायचा नसेल, तर मालमत्तेचे १६८ भाग करावे लागतात. बायकोला २१, आईवडिलांना २८-२८, मुलांना २६-२६, मुलींना १३-१३. बेरीज करून बघा, जुळते.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल्-जब्र’वरूनच पुढे ‘अल्जिब्रा’ आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग असल्याच गणितांनी भरलेला आहे: वारसा, मृत्युपत्रं, वाटण्या. शाळेत आपण ज्या ‘क्ष’च्या मागे धावलो, तो मुळात कुणाच्या तरी आईचा नाहीतर लेकीचा हिस्सा होता.

आता या वाटणीचा व्यापाराशी संबंध काय?

मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर धंदा जवळपास एकाच पद्धतीने चाले. एकाचा पैसा, दुसऱ्याची पायपीट. अरबीत याला मुदारबा म्हणत, इटलीत कोमेंदा. जेनोवातल्या जोव्हान्नी स्क्रिबा नावाच्या नोटरीची ११५४ ते ११६४ या काळातली दफ्तरं शिल्लक आहेत. त्यांत असे करार ढिगाने सापडतात. गलबत परतलं की नफ्याचे तीन वाटे पैसेवाल्याचे, एक वाटा प्रवास करणाऱ्याचा. गलबत बुडालं तर पैसेवाल्याचा पैसा गेला आणि दुसऱ्याची मेहनत. हिशेब मिटला की भागीदारी संपली. मग पाच-सहाशे वर्षांत एका काठावर महाकाय कंपन्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या काठावर दोघा-चौघांची भागीदारीच चालू राहिली, हे कसं?

‘इस्लाममध्ये व्याज हराम ना, म्हणून,’ हे उत्तर लगेच मिळतं, पण ते फारसं टिकत नाही. व्याज चर्चलाही नामंजूर होतं. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारलं होतं. उलट ऑटोमन तुर्कस्तानात रोख रकमेचे वक्फ, म्हणजे धर्मादाय निधी, सर्रास कर्ज देत. तुम्ही तुमचं घर वक्फला ‘विकायचं’, त्याच घरात भाडं भरून राहायचं आणि मुद्दल फेडलं की घर परत घ्यायचं. भाडं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होतं. सोळाव्या शतकात शेखुल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचे सर्वोच्च धर्मशास्त्री, एबुस्सूद यांनी अशा वक्फांची बाजू घेतली. पळवाटा दोन्हीकडे होत्या.

अर्थतज्ज्ञ तिमुर कुरान यांनी बोट ठेवलं ते मृत्यूवर. इस्लामी कायद्यात भागीदार मेला की भागीदारी मोडते. मृत्युपत्राने फार तर एक तृतीयांश मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येते, बाकी ठरल्या वारसांची. म्हणजे सफर अर्धी असताना कैरोचा व्यापारी गेला, तर त्याच्या भागीदाराच्या दारात आठ वारस उभे. धंदा जितका मोठा आणि भागीदार जितके जास्त, तितकी ही वेळ येण्याची भीती मोठी. शहाणा माणूस मग काय करेल? भागीदार कमी घेईल, सफर छोटी ठेवील.

भागीदार मेला की करार मोडणं रोमन कायद्यातही होतं. पण युरोपात वारसाहक्क धर्मग्रंथाने बांधलेला नव्हता. प्रांतागणिक रीत वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच मुलाकडे जाई. एकच वारस असला की त्याला सामील करून घेऊन धंदा पुढे नेता येतो. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली तेव्हा सुमारे ६४ लाख गिल्डर जमले. ॲमस्टरडॅममध्ये नोंदणी एका संचालकाच्या घरी चालली होती, आणि शेवटी त्याच्या मोलकरणीनेही १०० गिल्डर घातले. शेअर विकता येत होता, त्यामुळे माणूस गेला तरी कंपनीचं भांडवल जागच्या जागी राही. इंग्रजांची कंपनी आरंभी एकेका सफरीपुरते पैसे गोळा करी; तिला कायमचं भांडवल १६५७ ला मिळालं.

यातली गंमत अशी, की ज्या नियमाने भांडवल विखुरलं तो जास्त न्यायाचा होता. मुलीला, आईला, विधवेला हक्काचा वाटा होता. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला, हा नियम थेट १९२५ पर्यंत चालला. आणि आपल्याकडे हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात मिळाला तो १९९४ ला!

तरी सगळं खापर वाटणीवर फोडणं मला पटत नाही. सुरतेचा मुल्ला अब्दुल गफूर घ्या. तो वर्षाला वीसहून जास्त जहाजं पाठवतो, एकटाच इंग्रज कंपनीच्या तोडीचा व्यापार करतो, असं अलेक्झांडर हॅमिल्टन या प्रवाशाने लिहून ठेवलंय. १७१८ मध्ये गफूर वारला आणि त्याच्या संपत्तीवर डोळा गेला तो मोगल अधिकाऱ्यांचा. धंदा नातवाने सांभाळला, पण शहराच्या राजकारणात सापडून १७३३ मध्ये तो कैदेत मेला. इथे घात वारसांनी नाही, सत्तेने केला. ट्युनिसच्या इब्न खल्दूनने १३७७ मध्येच लिहिलं होतं, की माल हिसकावला जाणार हे दिसलं की लोक कमावणंच सोडतात. आणि राजवट म्हातारी होते तसे कराचे दर चढतात, वसुली मात्र घटते. या दुसऱ्या मुद्द्यासाठी १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी त्याचा दाखला दिला. पहिला मुद्दा त्यांना सोयीचा नसावा.

ऑटोमन सुलतानांनी हिसकावण्याची ही रीत १८३९ च्या फर्मानाने सोडली. १८५० मध्ये फ्रेंच धर्तीचा व्यापारी कायदा आला, आणि १८५१ ला इस्तंबूलमध्ये ‘शिर्केत-इ हैरिये’ ही बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत आगबोटी चालवणारी भागभांडवली कंपनी निघाली. शेअर घेणाऱ्यांत खुद्द सुलतान अब्दुलमजीद होते. भागधारक वारला तर त्याच्या शेअरांचे खुशाल १६८ वाटे करा. सकाळची बोट वेळेवर सुटायची.