धूळ गिट्टीची, कार्ड टीबीचे

पुण्या-मुंबईकडे जिला खडी म्हणतात, तिला आपल्याकडे विदर्भात गिट्टी म्हणतात. नागपुरात तर गिट्टीखदान नावाची अख्खी वस्तीच आहे. दगड फोडणे हे या भागातले जुने काम. वडारांच्या घरांत छिन्नी-हातोडा बापाकडून लेकाकडे आला, जाती-पाट्यांना टाकी लावून देणाऱ्या बाया परवापरवापर्यंत दारोदार फिरत. यांच्यातले कुणी खोकून खोकून गेले की लोक म्हणत, दमा होता. दगडातल्या सिलिका या खनिजाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या या आजाराला सिलिकोसिस हे नाव १८७० मध्ये इटलीत ठेवले गेले. आपल्या गावांत मात्र आजही तोंडी आहे तो टीबी.

धूळ सगळीकडे सारखी नसते, हे आधी सांगायला हवे. अमरावती, अकोला, बुलढाण्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे आणि त्यात मोकळी सिलिका कमी. नागपूर सोडून पूर्वेला निघालो, की भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत ग्रॅनाइट, ग्नाइस, क्वार्ट्झाइट लागतात. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि गारगोटी म्हणजे जवळपास निखळ सिलिका. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर परिसरात १९०० च्या आगेमागे मँगनीज निघू लागले. त्या मँगनीजसोबत येणाऱ्या एका खडकाला भूवैज्ञानिकांनी गोंड समाजावरून गोंडाइट नाव दिले. त्यातही गार्नेट या खनिजाच्या जोडीला क्वार्ट्झ असतो. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींत छताच्या वालुकाश्मात भोके पाडताना सिलिकाच उडते, पण तिथला मोठा विषय कोळशाच्या धुळीचा आहे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

कायद्याला हा आजार नवा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने कळवायचे, हे कलम ८९ मध्ये लिहिले होते. १९५२ च्या खाण कायद्यातही खाणवाल्याने आणि डॉक्टरने कळवायची सक्ती होती. स्वातंत्र्याच्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांवर अभ्यास झाले. पुढे मंदसौरला, पाटीवरच्या पेन्सिली जिथे बनत तिथे, तरुण कामगार दगावत असल्याचे उघड झाले. आपल्याकडे घोडे अडले ते ‘खदान’ या शब्दावर. खाण कायद्याचे कलम ३ म्हणत असे, इमारतीचा दगड, रस्त्याची गिट्टी किंवा मुरूम काढायचा असेल, उघडी खदान ६ मीटरपेक्षा खोल नसेल, ५० पेक्षा जास्त माणसे नसतील आणि बारूद वापरली जात नसेल, तर कायद्यातली बहुतेक कलमे लागू नाहीत. आजार कळवण्याचे कलम त्यातच गेले. खदानीला लागून दगड भरडणारा जो क्रशर चालतो तो वेगळा. १९४८ च्या मूळ कायद्यात, तिथे विजेवर काम करणारे १० जण असले तर तो कारखाना, आठ असले तर नाही. या दोन्ही कायद्यांच्या जागी आलेल्या २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, हा आकडा २० आहे.

पण खरा गुंता भरपाईच्या कायद्यात आहे. कायदा १९२३ चा, आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘क’ भागात सिलिकोसिससोबत सिलिको-ट्यूबरक्युलोसिसही घातला आहे आणि त्याला एक अट जोडली आहे: अपंगत्व किंवा मृत्यू ओढवण्यात सिलिकोसिस हा ‘अत्यावश्यक घटक’ असला पाहिजे. माझ्या मते या प्रश्नाचा अर्धा इतिहास या दोन शब्दांत आहे.

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहा. सिलिकोसिसचे पांढरे बारीक ठिपके दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात जास्त असतात. टीबीही बहुधा वरच्याच भागात बसतो. खोकला तोच, वजन उतरणे तेच, चढ चढताना थांबणे तेच. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलेले असते. मजुरी कसली, धानाच्या रोवणीची की क्रशरच्या पट्ट्याखाली डस्ट ओढण्याची, हे विचारायला गर्दीत कुणाला सवड नसते. बेडका तपासला, जंतू सापडले नाहीत, तरी फिल्म पाहून सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू होतो. फरक पडत नाही. वर्षभराने पुन्हा तोच कोर्स. मी पाहिलेल्या एका घरात पत्र्याच्या पेटीत दोन वेळची टीबीची कार्डे, रिकाम्या पाकिटांसकट, जपून ठेवली होती. क्रशरवरच्या सात हंगामांचा मात्र त्या घरात एक चिटोराही नव्हता.

बरे, टीबी खोटाच असतो असेही नाही. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना गिळणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच सिलिकाचे कण गिळून मरतात. त्यामुळे सिलिकोसिस झालेल्याला टीबीची लागण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी सहज होते. मग ‘अत्यावश्यक घटक’ कोणता? मालकाची बाजू म्हणते, माणूस टीबीने गेला, टीबी गावात सगळ्यांनाच होतो. धुरा म्हणजे शेताचा बांध फुटून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी शिरले, तर धान पाण्याने गेले की फुटलेल्या धुऱ्याने, असा वाद कोणी कास्तकार घालत नाही. मला कायद्याचा अर्थ असाच लावणे रास्त वाटते. पण ते सिद्ध करायचे ओझे ज्याला दहा पावले चालवत नाही त्याच्यावर पडते.

त्यात कामाची सलगता मागतात. ‘क’ भागातल्या आजारांसाठी सरकारने ठरवलेल्या मुदतीइतकी सलग नोकरी दाखवावी लागते. अनेक मालकांकडची मिळूनही चालते आणि भरपाईही त्यांच्यात वाटून देता येते, एवढी सोय कायद्यात आहे. आपल्याकडचा मजूर मात्र पावसाळ्यात रोवणीला, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला आणि मधल्या महिन्यांत क्रशरवर. हजेरीची वही मुकादमाकडे. सलगता कुठून आणणार?

टीबीच्या कार्डाने घरालाही थोडा आधार मिळतो, हे नाकारून चालणार नाही. औषध फुकट आणि एप्रिल २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. सिलिकोसिस लिहिले तर हे नाही, आणि तो बरा करणारे औषधही नाही. म्हणून चुकीच्या नावाविरुद्ध घरचेही तक्रार करत नाहीत.

हे नाव बदलायला लावले ते इतर राज्यांतल्या मजुरांनी. मध्य प्रदेशातून गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळायला गेलेले आदिवासी मजूर घरी परतून मरत होते. त्यांच्यासाठी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. राजस्थानने २०१९ च्या धोरणात आजाराचा दाखला मिळताच ३ लाख आणि मृत्यूनंतर २ लाख असे ठरवले. तिथे मालक शोधून सिद्ध करावा लागत नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. खाणींच्या जिल्ह्यांत २०१५ पासून खाणवाल्यांनी भरलेल्या रकमेतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा जमतो आणि आरोग्य हा त्यातल्या प्राधान्याच्या विषयांपैकी आहे. चंद्रपूर, नागपूर, भंडारा हे सगळे त्यात आले.

धुळीची मोजणी आपल्याकडे होते, पण ती हवेची. क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरवर दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सगळ्या तरंगत्या धुळीची आहे, त्यात सिलिका किती हे ती सांगत नाही. कपाशीच्या पानांवर धूळ बसली की शेतकरी तहसीलला अर्ज देतो आणि पंचनाम्याला माणूस येतो. पट्ट्याजवळच्या बाया दुपट्टा नाकाला बांधतात. जे कण फुप्फुसाच्या तळाशी जातात ते ५ मायक्रॉनच्या आतले, ते दुपट्ट्यातून आरपार जातात.

आणि आता हे काम खदानीपुरते राहिलेले नाही. गावातली पोरे टाइल्स आणि ओट्याच्या कामाला तालुक्याला जातात. कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ऑस्ट्रेलियाने ती १ जुलै २०२४ पासून बंद केली. पाण्याची नळी जोडता येणारी कटर मशीन बाजारात मिळतात. पण घरात चिखल होतो म्हणून घरमालक नको म्हणतो, आणि दार लोटून घेऊन फरशी कोरडीच कापली जाते.