बरोब्बर ३२ सेकंदांनी कॉल का कट होतो? हरवलेल्या ॲकची पार्श्वभूमी

मालाड-अंधेरीकडच्या कॉल सेंटरात व्हॉइप (इंटरनेटवरून चालणारे फोन) सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याने ऐकलेली असतेच: कॉल लागतो, दोन्हीकडे आवाज येतो आणि ३२व्या सेकंदाला कट. मग लाइन बदलतात, राउटर बदलतात, नेटवाल्याला शिव्या घालून होतात. पण ३२ हा आकडा लाइनचा नाहीच, तो सिपच्या, म्हणजे असे कॉल जोडायच्या-तोडायच्या प्रोटोकॉलच्या, स्टँडर्डमधूनच आलाय.

सिपचं पहिलं स्टँडर्ड, आरएफसी २५४३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), मार्च १९९९चं. जून २००२मध्ये त्याच्या जागी आरएफसी ३२६१ आलं (आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली तीही त्याच वर्षीच्या एप्रिलपासून). सिप बहुतेक ठिकाणी यूडीपी या ट्रान्सपोर्टवर (पॅकेट वाहून न्यायची पद्धत) चालतं आणि यूडीपी पॅकेट पोचल्याची हमी देत नाही, त्यामुळे मेसेज परत पाठवायचं काम सिपनेच अंगावर घेतलं, टी१ टायमर अर्ध्या सेकंदाचा धरला, उत्तर नाही आलं की अर्धा, मग एक, दोन, चार सेकंद असं थांबत पुन्हा पाठवायचं आणि टी१च्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद झाले की नाद सोडायचा.

फोन उचलला की २०० ओके (‘कॉल घेतला’ हे उत्तर) जातं आणि समोरून ॲक (ते मिळाल्याची पोच) यायला हवा. तो आलाच नाही तर उचलणारा फोन २०० ओके पाठवतच राहतो आणि ३२ सेकंदांनी स्वतःच बाय (कॉल तोडायचा मेसेज) पाठवतो. आवाज तोपर्यंत आरटीपी या आवाजाच्या प्रोटोकॉलवरून वेगळ्या वाटेने मस्त चालू असतो, म्हणून सिग्नलिंगवर, म्हणजे या सिप मेसेजांवर, कुणाला संशयच येत नाही.

ॲक हरवतो कुठे, तर बहुतेक वेळा नॅटमध्ये, म्हणजे राउटर आतल्या ॲड्रेसच्या जागी बाहेरचा ॲड्रेस टाकतो तिथे. ऑफिसातला सॉफ्टफोन कॉन्टॅक्टमध्ये (‘मला इथे गाठा’ सांगणारी मेसेजमधली ओळ) १९२.१६८वाला, फक्त आतल्या नेटवर्कपुरता ॲड्रेस लिहितो, तो बाहेरच्या प्रॉक्सीला (मेसेज पुढे पाठवणारा सर्व्हर) काय कामाचा? ऑगस्ट २००३च्या आरएफसी ३५८१मधल्या आरपोर्ट या सोयीने उत्तरं आल्या वाटेने परत जायला लागली, पण ॲक म्हणजे उत्तर नव्हे, तो कॉन्टॅक्ट बघूनच जातो, त्यामुळे ते भोक तसंच राहिलं. ते बुजवलं प्रॉक्सी लिहिणाऱ्यांनी. बर्लिनच्या फ्राउनहोफर फोकसमधून सिप एक्स्प्रेस राउटर हा प्रॉक्सी आला, २००५मध्ये त्यातून ओपनसर फुटला आणि २००८मध्ये ओपनसरचे कमायलियो आणि ओपनसिप्स झाले. त्या दोघांतही फिक्स_नेटेड_कॉन्टॅक्ट हे कॉन्टॅक्टमधला ॲड्रेस दुरुस्त करणारं फंक्शन आजही आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच: जाणाऱ्या इन्व्हाइटवर (कॉल सुरू करणारा मेसेज) ते लावतात, पण परत येणाऱ्या २०० ओकेवर, म्हणजे कॉन्फिगमधल्या उत्तरांच्या भागात (रिप्लाय राउटमध्ये), लावायचं राहून जातं.

एसएनग्रेप या सिप मेसेज दाखवणाऱ्या टूलमध्ये २०० ओकेची रांग दिसली की आधी त्यातला कॉन्टॅक्ट वाचा, मग प्रॉक्सीने टाकलेला रेकॉर्ड-राउट (‘पुढचे मेसेज माझ्यामार्फत पाठवा’ सांगणारी ओळ), कारण क्लाउडवरच्या सर्व्हरचा प्रायव्हेट ॲड्रेस तिथेही घुसतो. इन्व्हाइटच पोचत नसेल तर मात्र त्याची साइज बघा, पाथचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) माहीत नसताना १३०० बाइट्सच्या वरची रिक्वेस्ट टीसीपीसारख्या ट्रान्सपोर्टवरून पाठवा असं ३२६१मध्येच लिहिलंय.