सोशिक, करारी, मनमिळाऊ: स्वभावचित्रणाचा प्रश्न आला कुठून?

मधोमध पात्राचं नाव आणि भोवती चार रिकाम्या चौकटी. 'स्वभाववैशिष्ट्ये लिहा' ही कृती मुलांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की धडा नीट न वाचताही ती सुटते. आई असेल तर प्रेमळ आणि सोशिक, आजोबा करारी, मास्तर शिस्तप्रिय पण आतून मायाळू. मार्क मिळतात, म्हणून तक्रारही नसते. हीच मुलं पुढे बी.ए.च्या वर्गात जातात तेव्हा वारं फिरलेलं असतं. तिथे 'साचेबंद पात्र' हा ठपका असतो आणि 'गुंतागुंतीची व्यक्तिरेखा' ही शाबासकी. शाळेत एका विशेषणात माणूस बसवायचा आणि कॉलेजात तो बसला म्हणून लेखकाला नावं ठेवायची, असा हा उलटा प्रवास आहे.

माणसांचे नमुने पाडण्याची हौस जुनी आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेत कथानकाला पहिलं स्थान दिलं आणि स्वभावाला दुसरं. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने मात्र स्वभावांवरच एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात बडबड्या, खुशामत्या, भित्रा, कंजूष असे ३० नमुने आहेत. गंमत अशी, की सुरुवातीची एका ओळीची व्याख्या सोडली तर तो विशेषणांच्या वाटेला फारसा जात नाही. बायकोच्या हातून तांब्याचं एक चिल्लर नाणं पडतं, तर हा कंजूष घरातलं सामान हलवतो, पलंग आणि पेट्या सरकवतो, फटी धुंडाळतो. नोकराच्या हातून भांडं फुटलं तर त्याची किंमत त्याच्या शिध्यातून कापून घेतो. सतराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये या पुस्तकाच्या धर्तीवर स्वभावचित्रं लिहिण्याची लाटच आली. फ्रान्समधल्या ला ब्रुयेरने १६८८ मध्ये थिओफ्रास्टसच्या भाषांतराला जोडूनच आपल्या समकालीनांची चित्रं छापली.

ग्रीक वक्तृत्वाच्या शाळांतला एक पाठ इथे सांगायलाच हवा. मुलांना दुसऱ्याच्या तोंडून बोलायला लावत. अफ्थोनियस या चौथ्या शतकातल्या शिक्षकाच्या पाठमालेत नमुना आहे नायोबीचा. तिची सगळी मुलं मरून पडली आहेत, तर ती काय बोलेल? आधी आत्ताचं दुःख, मग मागचं सुख, मग पुढे काय, या क्रमाने लिहायचं. नायोबी 'दुःखी' आहे हे लिहून भागत नसे. तिचं दुःख तिच्याच वाक्यांत उतरावं लागे. आपल्याकडे कल्पनाविस्तार आणि आत्मकथनं आहेत, पण ती निबंधाच्या खात्यात. छत्रीचं मनोगत दरवर्षी लिहून घेतलं जातं, धड्यातल्या पात्राचं क्वचितच.

भारतीय परंपरेतलं वर्गीकरण तर याहून काटेकोर. भरताच्या नाट्यशास्त्रात उत्तम, मध्यम, अधम अशा प्रकृती आहेत, चार प्रकारचे नायक आहेत, आठ अवस्थांतल्या नायिका आहेत. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने 'दशरूपका'त हा पसारा आटोपशीर मांडला. धीरोदात्त म्हणजे थोर मनाचा राम, धीरललित म्हणजे कलासक्त उदयन, धीरप्रशांत म्हणजे शांत वृत्तीचा चारुदत्त, ही उदाहरणं संस्कृत घेतलेल्या कुणालाही पाठ असतात. पण ही यादी परीक्षेसाठी नव्हती. नाटक लिहिणाऱ्याला आणि उभं करणाऱ्याला ती कामाची होती. नायक कोणत्या जातकुळीचा हे ठरलं, की त्याच्या चालण्याबोलण्याची रीत, त्याला शोभणारा रस, त्याची भाषासुद्धा ठरे. राजा संस्कृत बोलणार. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलणार.

आणि चौकट इतकी पक्की असतानाही आतला माणूस जिवंत होऊ शकतो, याचा पुरावा शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात आहे. राजाचा मेहुणा शकार हा खलपात्राचा ठरीव साचा. तो 'स'च्या जागी 'श' उच्चारतो, त्यावरूनच त्याचं नाव पडलेलं. पण शूद्रकाने त्याला भलतीच पुराणं सांगायला लावली आहेत. नायिका वसंतसेनेच्या मागे धावताना तो म्हणतो, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी कुठे पळतेस? रावणाच्या हाती कुंती सापडावी तशी तू माझ्या हाती सापडली आहेस! अडाणीपणा, मिजास आणि धाक या दोन वाक्यांत आहे. 'शकार हा अडाणी आहे' असं कुणालाही सांगावं लागत नाही. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिका'मुळे हा शकार मराठी रंगभूमीवरही आला.

मराठी कादंबरीची सुरुवात मात्र सांगण्यातूनच झाली. १८५७ चं बाबा पद्मनजींचं 'यमुनापर्यटन' विधवांच्या हालांची बाजू मांडण्यासाठी लिहिलेलं. १८६१ च्या हळब्यांच्या 'मुक्तामाले'त सुष्ट ते सुष्ट आणि दुष्ट ते दुष्टच. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये कथा यमूच्याच तोंडी दिली, आणि घरातल्या बारीकसारीक बोलण्यातून माणसं दिसू लागली. १८९० च्या सुमारास मराठी वाचकाला हे नवं होतं. पुढे १९३१ मध्ये ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' आलं आणि स्वभावरेखन हे लेखनतंत्राचं, म्हणजे शिकता-शिकवता येण्यासारखं अंग आहे हे मराठीत ठसलं. फडक्यांच्या तंत्रवादावर पुष्कळ टीका झाली, पण कॉलेजच्या वर्गांत त्यांचे शब्द टिकलेच.

दरम्यान इंग्रजीत पात्रांकडे बघण्याची एक वेगळीच सवय जडली होती. ए. सी. ब्रॅडली यांची शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरची व्याख्यानं १९०४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांत हॅम्लेट, ऑथेल्लो यांची चिकित्सा खऱ्या माणसांसारखी केलेली होती. इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांवर या पद्धतीचा मोठा पगडा होता. 'अमक्याचे स्वभावचित्रण करा' या प्रश्नावर मला तिचीच छाया दिसते. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी 'लेडी मॅक्बेथला मुलं किती?' असं खोचक शीर्षक देऊन या पद्धतीची टर उडवली. परीक्षेच्या प्रश्नाला त्याने काही ढिम्म झालं नाही.

आणि मग इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. कॉलेजातल्या ठपका-शाबासकीमागची जोडी त्यांची: सपाट पात्रं आणि गोलाईची पात्रं. १९२७ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दिलेल्या व्याख्यानांतून ती आली. हे तेच फॉर्स्टर, ज्यांनी १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीत तुकोजीराव पवारांचे खासगी सचिव म्हणून काही महिने काढले होते. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येतं, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच व्याख्यानात त्यांनी सपाट पात्रांची बाजूही घेतली आहे, ते मात्र गाळलं जातं. अशी पात्रं चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात. डिकन्सची बहुतेक पात्रं सपाट असूनही त्यांत जीव आहे. गोलाईची कसोटी त्यांनी एकच दिली: पात्राने आपल्याला चकित करावं, पण ते पटावंही. परीक्षेच्या गाइडांतल्या दोन रकान्यांच्या तक्त्यात यातलं 'पटावंही' उरत नाही. उरतं ते एवढंच, की एक प्रकार कमअस्सल आणि दुसरा अस्सल.

ही कसोटी शाळेत लावायची तर अडचण वेगळीच आहे, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. पाठ्यपुस्तकात कादंबरीतला तीन-चार पानांचा उतारा असतो. चकित व्हायला आधी सवय व्हावी लागते, आणि चार पानांत पात्राची सवय होत नाही. त्यामुळे शिक्षकांच्या हाती विशेषणंच उरतात. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा पाठांतराला आळा बसेल असं म्हटलं गेलं. चौकटींनी उत्तर आणखी आखूड केलं, एवढंच.

म्हणून अख्खं व्यक्तिचित्र वर्गात घ्यावं. पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा बराच वेळ 'रत्नागिरीचा तिरकस म्हातारा' या एका वाक्यात बसतो. मुलं खुशाल 'खवचट' लिहून मोकळी होतील. मग तोच बोलता बोलता सांगून जातो, की बायको गेली त्यानंतर दारचा हापूस मोहरला नाही. इथे वाचन थांबवून 'खवचट' हा शब्द कापायचा का, असं वर्गाला विचारलं तर वर्गात दोन तट पडतात. कापू नये म्हणणाऱ्यांची बाजू मला जास्त भक्कम वाटते, कारण हे सांगतानाही त्याचा सूर बदललेला नसतो.