वेदनाचिकित्सा (पुणे शहरातील)

वेदनाचिकित्सा : तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याचे निदान, त्यावरील उपचार आणि अशा रुग्णाची दीर्घकाळ काळजी यांसंबंधीची वैद्यकशाखा. संधिवात, मणक्यांचे विकार, मधुमेहामुळे बिघडलेल्या नसा, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग, कर्करोग, शस्त्रक्रियेनंतर न थांबलेले दुखणे हे तिचे नेहमीचे विषय होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तीत चिरकारी वेदनेला स्वतंत्र स्थान असून अन्य कोणत्याही रोगाने ज्या वेदनेचा उलगडा होत नाही, तिलाही आजार मानले आहे. एक्स-रे व रक्ततपासणी निर्दोष आल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परतणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे.

उगम : या शाखेचा आरंभ कोठे मानावा, याबद्दल मतभेद आहेत. भूलशास्त्राचे काही इतिहासकार न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात भूलतज्ज्ञ रोव्हेनस्टाइन यांनी १९३६ च्या सुमारास सुरू केलेल्या नर्व्ह ब्लॉकच्या (नसेजवळ बधिर करणारे औषध टोचण्याच्या) दवाखान्याकडे बोट दाखवतात. इतर अभ्यासक हा मान अमेरिकी भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांना देतात. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना, एकट्या तज्ज्ञाला न सुटणारे दुखणे अनेक शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून तपासावे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांचा वेदनोपचारावरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटना स्थापन झाली, तीही मुख्यतः त्यांच्याच पुढाकाराने. इंजेक्शनचे तंत्र जुने असले, तरी रुग्णाची झोप, काम व मनःस्थिती यांसह वेदनेचा विचार करणारी पद्धत बोनिकांपासून रुळली. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांताने या पद्धतीला शारीरक्रियेचा आधार मिळाला : वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत अडवले जाऊ शकतात आणि मेंदूकडून येणारे संदेशही त्यांना कमीजास्त करतात.

पुण्याच्या आयुर्वेदीय वर्तुळात ही परंपरा पुष्कळ मागे नेली जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या वस्तूने डाग देण्याचा उपचार, सांगितले आहे. त्वचेतील विकारासाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाण व शलाका, मांसासाठी जांबवौष्ठ (जांभळाच्या आकाराचे डाग देण्याचे साधन) व इतर धातू, तर शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांसाठी मध, गूळ व स्नेह (तेल-तूप) अशी साधनांची विभागणी तेथे आढळते. गृध्रसीत, म्हणजे ढुंगणापासून पायात उतरणाऱ्या कळेत, गुडघ्याच्या वर किंवा खाली चार अंगुळांवर शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणे, सांगितला आहे. ग्रंथाचा काळ मात्र वादग्रस्त आहे. प्राच्यविद्यापंडित हर्नले यांनी तो इ. स. पू. ६०० च्या आसपास नेला. पुढील संशोधकांचा कल आजची संहिता अनेक शतकांच्या थरांतून घडली, असे मानण्याकडे आहे. नेपाळमधील एका ताडपत्री प्रतीवर इ. स. ८७८ चा काळ मिळतो. हा वाद बाजूला ठेवला, तरी अग्निकर्म व विद्धकर्म (सुईने टोचण्याचा उपचार) करणारे वैद्य पुण्यात आजही आहेत.

तपासणी : येथेही, इतरत्र दिसते त्याप्रमाणे, या शाखेत येणारे बहुतेक डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ असतात. पहिली भेट लांबते आणि ती लांबायलाच हवी. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते की सगळा तळहात फिरवावा लागतो, मांडी घालता येते का, जिना चढताना जास्त दुखते की उतरताना, दुचाकी खड्ड्यातून गेली की कळ कोठवर जाते, रात्री किती वेळा जाग येते, हे विचारले जाते. शून्य ते दहा या मापावर रुग्ण जो आकडा सांगेल, तोच लिहितात. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या वेदनेच्या व्याख्येला जोडलेल्या टिपांतही, व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर व्हावा, असे नमूद आहे. आग, मुंग्या, करंट बसल्यासारखी सणक अशी लक्षणे असल्यास दोष नसांत असण्याचा संभव वाढतो व साध्या वेदनाशामकांचा उपयोग कमी होतो. तेथे अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे लागतात. चेहऱ्याच्या त्रिशाखी नसेच्या विकारात दात घासताना, दाढी करताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी वीज चमकावी तशी कळ येते. दाढेचे दुखणे समजून चांगले दात काढून घेतलेले रुग्ण या विकारात आढळतात. कार्बामाझेपिनने त्यांतील अनेकांना आराम पडतो.

स्थानिक कारणे : चिकुनगुन्यानंतरच्या सांधेदुखीचा येथे वेगळा उल्लेख करावा लागतो. बार्शी येथे १९७३ मध्ये या तापाची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात तो फारसा आढळला नाही. २००५–०६ मध्ये तो परतला, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलेल्या अभ्यासात हा विषाणू पूर्वीच्या आशियाई गटाऐवजी आफ्रिकी गटातील असल्याचे दिसून आले. ताप काही दिवसांत उतरतो, पण काही रुग्णांची बोटे, मनगटे व घोटे महिनोन्‌महिने दुखतात. सकाळी मूठ वळत नाही, दुधाचे पातेले उचलवत नाही.

संस्था : वारजे येथील सिप्ला परिहार सेवा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते व नातेवाइकांनाही सोबत राहू देते. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र (१९७४) मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी आहे. मॉडेल कॉलनीजवळील रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत (१९७५) दोर, लाकडी ठोकळे व लोड यांच्या आधाराने आसने करवून घेतात; पाठ व मानेच्या दुखण्यासाठी तेथे जाण्याची प्रथा जुनी आहे.

मॉर्फिन : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर देशातील मॉर्फिनचा (अफूपासून मिळणाऱ्या तीव्र वेदनाशामकाचा) वैद्यकीय वापर फार घसरला. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्यांची गुंतागुंत कमी केली. तोंडाने घ्यावयाची साधी गोळी सहसा दर चार तासांनी, दुखणे उसळण्याची वाट न पाहता देतात. तिच्यासोबत बद्धकोष्ठावरील औषध पहिल्या दिवसापासून सुरू करतात. व्यसन लागेल या भीतीने गोळी लांबवणाऱ्या घरच्यांना शांतपणे समजावणे हाही याच उपचाराचा भाग असतो, आणि त्याला बहुधा एकाहून अधिक भेटी लागतात.